एक मजला कमी

दार उघडलं आणि मी चाटच पडले. दारात एक उंच, अनोळखी तरुण – खांद्यावर पावसाचे थेंब, हातात वाइनची बाटली, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"स्लावा आनंदाचा जावो," तो म्हणाला.

आज मित्रोवदान, आमच्या घराच्या संताचा दिवस, म्हणजेच आमचा स्लावा. या दिवशी कुणालाच आमंत्रण देत नाहीत. येईल तो आपला, आणि आलेल्याला 'तुम्ही कोण?' विचारलं तर घराची अब्रूच जायची. मी मुकाट्यानं अक्रोड घातलेल्या गोड गव्हाचं ताट पुढं केलं. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात घातला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"अक्रोड तुम्हीच फोडलेत?"

"हो. का?"

"टरफल लागलं दाताला."

"मग थुंकून टाका ना."

"पहिल्याच भेटीत? ...नको."

खरं तर मला राग यायला हवा होता. आलं हसू. ते डोळेच तसे होते – मधाळ, खोडकर.

स्वयंपाकघरात आईनं कोपरानं ढोसलं. "कोसारा, कोण गं हा?"

"बाबांच्या कारखान्यातला असेल."

"बाबांना वाटतंय, तुझा आहे. मघापासून धुमसतायत."

मी हादरलेच.

सूप झालं. मेणबत्तीशेजारी उभं राहून बाबांनी पेला उचलला, "आमच्या स्तानिशिच घराण्याला आरोग्य लाभो." पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा आता उठणार. पण त्यानं हळूच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून एक सार्मा मिळेल?" मी कोबीच्या पानातला तो गरम गरम सार्मा त्याला वाढला.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या राद्मिला काकू, एप्रनसकट. त्यांच्याकडेही आज हाच संत.

"माझ्या स्नेझानाला बघायला येणारा मुलगा आलाच नाही हो. सूप किती वेळा गरम करायचं? उंच आहे म्हणे, वुकाशिन नाव..." बोलता बोलता त्यांची नजर टेबलाकडे गेली.

तो उठून उभा राहिला. "तो मीच, काकू. एक मजला कमी चढलो."

आईच्या हातातला डाव खाली पडला.

"आणि कळलं कधी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही घराण्याचं नाव घेतलंत, तेव्हा."

"तरी बसून राहिलास?"

"उठवेना..." तो माझ्याकडे बघत म्हणाला. "मला तुमची मुलगी आवडली."

असं कुणी बोलतं? सगळ्यांसमोर, जेवता जेवता? माझे कान तापले.

काकूंनी त्याची बाही धरली. "चल वर. झालेली चूक निस्तरू."

तो माझ्याकडे बघत होता, बाही सोडवत नव्हता. थोरांचा हात झिडकारणाऱ्यातला तो नव्हताच. एकदा का वर गेला, की काकू त्याला अंगठी घातल्याशिवाय खाली सोडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर स्नेझाना नटूनथटून बसली असेल, बिचारी. मला तिचं वाईट वाटलं. पण फार वेळ नाही.

"काकू, सोडा त्यांना." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "भरल्या ताटावरून पाहुण्याला उठवू नये."

"अगं, पण तो माझा पाहुणा आहे."

"होता," मी म्हणाले. "आता माझा आहे."

आणि भाजलेल्या मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा मी त्याच्या ताटात वाढला.