जोडीचं पाखरू

विमलमावशीच्या तेरवीनंतर मी तिच्या गावी, धाडला, गेले, ते फक्त तिचं भाड्याचं घर रिकामं करून किल्ली परत द्यायला. तिला मूलबाळ नव्हतं. मलाही कोणी नाही. बुलढाण्यातली नर्सची नोकरी संपल्यापासून माझा दिवस रेडिओशी बोलण्यातच जातो.

शेजारच्या गीताबाईंनी चहा दिला आणि पदराची गाठ सोडून माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. ब्रोच होता. सोन्याचं पाखरू, पंखांवर निळा-हिरवा मिना, डोळ्याच्या जागी लाल ठिपका. मावशीच्या आजेसासूच्या काळातली ही जोडी. लग्नकार्यात मावशी दोन्ही पाखरं खांद्यावर लावायची, चोचीला चोच भिडवून.

"अन् दुसरं?" मी विचारलं.

"तिच्या पदराले लावून देल्लं. तिनंच सांगून ठेवलं होतं, एक माह्यासंगं, एक माह्या भाचीले, वंदनाले." गीताबाईंचा आवाज खाली आला. "पण राख सावडली तवा... सोन्याचा कणही नाही भेटला, बाई."

मी पाखरू डाव्या खांद्यावर लावलं. थंडगार होतं.

संध्याकाळची एसटी गच्च भरली होती. एकच बाक रिकामा दिसला. खिडकीची काच फुटलेली, म्हणून मी अलीकडे बसले. माणसं दांड्याला धरून उभी होती, पण खिडकीकडची जागा कोणीच मागितली नाही.

तुरीच्या शेतांवर अंधार उतरत होता. वाऱ्याबरोबर विझलेल्या लाकडांचा वास आत आला आणि माझ्या डाव्या खांद्यावर हळूच वजन टेकलं... कोणी डोकं ठेवावं तसं.

मान वळवायची हिंमत होईना. शेजारी एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिला जागा द्यायचं निमित्त करून मी उठू लागले.

"नको ताई, हलू नका," ती कुजबुजली. "आजीची झोप मोडन." मग जरा वाकून तिने पाहिलं. "दोघींची पाखरं जोडीचीच हायेत काय हो?"

ओरडून गाडी थांबवावी असं वाटलं... पण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कोणी झोपलं, त्याला किती वर्षं झाली होती! बुलढाणा येईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

स्टँडवर सगळ्यांच्या शेवटी उतरले. चार पावलं गेले असेन, तोच मागून आवाज आला. वळून पाहिलं. कंडक्टर रिकाम्या पायरीकडे हात करून उभा होता.

"सावकाश, आजी... हाव, थांबल्या हायेत त्या तुमच्यासाठी."