डाळीच्या हंड्यातलं पाणी

“यंत्रयुगाच्या सूर्याला मावळणं ठाऊक नाही,” असं विसूभाऊंनी स्वयंपाकघरात जाहीर केलं आणि ते थांबले. पुढचं वाक्य आठवत होते असं नाही. कोपर अडकलं होतं. पोह्यांनी भरलेला झारा कढईच्या वीतभर वर तसाच राहिला आणि खालचे पोहे करपू लागले. केतकीने शेगडी बंद केली. तिला आता सवय झाली होती.

विसूभाऊ म्हणजे केतकीच्या घरचा यंत्रमानव. ती दोन वर्षांची असताना ते काळटेकडी शहरातल्या या घरात आले, आणि आता ती अकराची होती. तिची वेणी तेच घालत. वेणी कायम डावीकडे कलायची, पण दुसऱ्या कुणी घातलेली तिला चालत नसे. हल्ली मात्र ते दिवसातून सहा वेळा अडकत. कंपनीचे दुरुस्तीवाले चौगुले येऊन दोन मिनिटं बघून गेले होते. वय झालंय, म्हणाले. शनिवारी गाडी पाठवतो, सुटे भाग करायला नेतील. आईने सही केली, डोळे पुसले आणि नव्या यंत्रमानवाला फुलके येतात का, तेही विचारून घेतलं.

आज गुरुवार होता.

केतकीला एक कोडं सुटत नव्हतं. धरणाजवळच्या गावी मावशीकडे विसूभाऊंच्याच कारखान्यातून, त्यांच्याच महिन्यात निघालेला यंत्रमानव होता आणि तो अजून लेझीम खेळायचा. मग वय एकट्या विसूभाऊंचंच कसं झालं?

तेल घालायला म्हणून तिने त्यांच्या कोपराचं झाकण उघडलं. आत केसाएवढ्या नळ्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर बसला होता. न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या कांडीवर बसतो, अगदी तसाच. थोडा खरवडून तिने तो आबांकडे नेला.

आबा म्हणजे केतकीचे आजोबा. शहराच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर, यापुढे कुणालाही काहीही समजावून सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सगळ्यांना सगळं एकदा सांगून झालं होतं. पांढरी भुकटी बघून त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि एवढंच विचारलं, “विसूभाऊंना पाणी कुठलं देता?”

घरात पाणी दोन तऱ्हेचं. एक धरणाचं, नळाला आठ दिवसांतून एकदा येणारं. येण्याआधी नळ पाच मिनिटं नुसते उसासे टाकायचा, जणू एवढ्या लांबून चालत आल्याने तोही दमलाय. ते पाणी तांब्याच्या हंड्यात जायचं. डाळीला, चहाला आणि पाहुण्यांना. बाकी कशासाठी त्या हंड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. उरलेल्या सगळ्याला बोअरचं पाणी, आणि त्या यादीत विसूभाऊ फरशी आणि चपला यांच्या मधे होते. मात्र आईची त्यांच्यावर माया होती. त्यांच्या बादलीत ती रोज न चुकता तुरटी फिरवायची. पाणी कसं काचेसारखं दिसायचं.

“तुरटीने गाळ खाली बसतो,” आबा म्हणाले. “विरघळलेलं काही जात नाही. साखरेच्या पाण्यात फिरवून बघ, कमी गोड लागतंय का.”

मग नाइलाजाने ते उठलेच. दोन बाटल्या घेतल्या, एकीत हंड्यातलं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. अंगाचा साबण पाण्यात विरघळवून केतकीला थेंब थेंब टाकायला आणि हलवायला लावलं. हंड्याच्या पाण्यात सहा थेंबांत फेस उभा राहिला. बोअरच्या पाण्यात चाळीस थेंब गेले तरी वर नुसती चोथापाणी झालेल्या दह्यासारखी साय.

हे दुष्फेन पाणी (ज्यात साबणाचा फेस सहजासहजी होत नाही असं), आबांनी सांगितलं. पाऊस खडकातून मुरत खाली जातो, जाताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम (हाडांत असतात त्यांतलीच मूलद्रव्यं) विरघळवून घेतो. ते विष नव्हे. पण साबण आधी त्यांच्याशी झगडण्यातच संपतो, आणि डाळीच्या दाण्याला ते असं आवळून धरतात की तो शिजत नाही. पाणी तापलं की त्यातले काही क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. ते बाहेर पडून थर धरतात. विसूभाऊंच्या नळ्यांत पाणी फिरतं ते सांध्यांची उष्णता वाहून न्यायला. रोज थोडी वाफ उडते, क्षार मागे राहतात, नळ्या अरुंद होतात, सांधा तापतो आणि जळू नये म्हणून आपला आपण थांबतो.

“म्हणजे ते म्हातारे झाले नाहीत,” केतकी म्हणाली. “बुजलेत.”

“शहरातले निम्मे लोक असेच आहेत,” आबा म्हणाले आणि लिंबूसत्त्वाची पुडी शोधायला लागले. लिंबूसत्त्व आम्ल (आंबट गुणाचं रसायन) असतं, ते थराला विरघळवतं. शुक्रवारी दुपारी दोघांनी त्याचं सौम्य पाणी नळ्यांतून फिरवलं. आतून सोडा फसफसावा तसा आवाज आला. थर कार्बन डायऑक्साइड वायू सोडत विरघळत होता. मग तीनदा धुतलं, आईचा डोळा चुकवून, हंड्यातल्या पाण्याने.

शनिवारी चौगुले गाडी घेऊन आले. विसूभाऊंनी त्यांना पोह्यांची बशी दिली, झारा बोटांवर फिरवून दाखवला आणि केतकीची वेणी घातली. डावीकडे. चौगुल्यांच्या कागदावर ‘बरा झाला’ असा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ‘घरी सापडला नाही’ असं लिहिलं, पोहे संपवले आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

केतकीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की साबणाचं पाणी घेऊन गल्लीतली प्रत्येक बोअर तपासायची, प्रत्येकीवर थेंबांचा आकडा लिहायचा. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच आबांना कुणी पुढचा प्रश्न विचारत होतं. उसासा टाकायचा राहून ते सांगत बसले, की क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची टाकी प्रत्येक बोअरला बसवता येते, आणि तिच्या पिढीत काळटेकडीत कुणाचंच कोपर अडकणार नाही.

विसूभाऊ उभे राहिले. “यंत्रयुगाच्या सूर्याला मावळणं ठाऊक नाही,” ते म्हणाले, आणि या खेपेला न अडकता पुढे गेले. “मानव आणि यंत्र हातात हात घालून उद्याच्या निर्मळ पहाटेकडे निघाले आहेत. तोवर, केतकीताई, आईंना एवढं विचारून बघा, आज वरणाऐवजी पिठलं चालेल का. पिठलं बोअरच्या पाण्यातही होतं, हंड्यातलं तांब्याभर पाणी मला उरेल.”