रस्त्यालगतची बोअर

पूर्णगडच्या अलीकडे, सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळी माळावरच्या, एका वाडीत बोअर मारायची होती. साल त्र्याऐंशी, मे महिना. भूवैज्ञानिक केळुसकरांनी यंत्र लावून सगळा उतार तपासला आणि वर गुणवंती म्हातारीच्या अंगणात चुन्याची खूण केली. पाणी तिथंच लागणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. गुणवंतीची सून राही आदल्या उन्हाळ्यात खालच्या झऱ्यावरून हंडे आणताना घाटीत घसरली, हातातल्या हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला आणि ती जागीच गेली. "आता कोन पडायचा न्हाय," म्हातारी म्हणाली, आणि केळुसकरांनी मान डोलावली.

पण बोअरची गाडी घाटी चढेना. वाडीतली माणसं कुदळी घेऊन वाट फोडायला तयार होती. दोन दिवस द्या म्हणाली. केळुसकरांना कुठले दोन दिवस! चिपळूणला त्यांच्या मुलीचं बारसं होतं. त्यांनी खाली रस्त्यालगतच्या सपाटीकडे बोट दाखवलं. "इथंही लागेल," असं ठणकावून सांगितलं. ते खोटं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मशीन धडधडू लागलं. बोअर खोल जाईल तसा वर उडणारा दगडाचा चुरा काशीराम ड्रिलर फावड्यानं उचलून ओळीनं ढीग घालत होता. कुठल्या खोलीला कुठला थर, ते त्यावरून कळतं. केळुसकर प्रत्येक ढिगातली मूठ चाळणीत धुऊन पिशवीत भरत होते. आधी जांभा, मग शेडीची चिकट माती, मग काळा कातळ. कोरडा ठणठणीत.

मग चाळणीत हिरवी काच चमकली. बांगडीचा तुकडा. वरून पडला असेल, म्हणून त्यांनी फेकून दिला.

पुढच्या ढिगात दोन निघाले. त्याच्या पुढच्यात मूठभर.

"काशीराम, हे वरून पडतंय का?"

"वर पाइप ठोकलाय, साहेब." काशीराम त्यांच्याकडे बघेना. "हे खालनं येतंय. कातळातनं."

नमुना म्हणून ते तुकडे ठेवायला हवे होते. केळुसकरांनी ते एकेक वेचून झुडपात टाकले. बोटं कापली. आपण काहीतरी दडपतोय, असं वाटून त्यांना स्वतःची शरम वाटली.

शेवटपर्यंत धूळच उडाली. बोअर फुकट गेली. गाडी दुसऱ्या गावाला निघायची तयारी करू लागली.

केळुसकर घाटी चढून वर गेले. गुणवंती ओटीवर तांदूळ निवडत होती.

"आजी, माझं चुकलं. पाणी लागलं नाही."

"न्हाय कसा? भरलेला हाय न्हवं."

मोरीपाशी दोन हंडे होते. काठोकाठ भरलेले.

केळुसकरांनी हात घातला. पाणी गारेगार होतं. तळाशी काहीतरी खरखरलं. त्यांनी मूठ वर काढली.

काळ्या कातळाचा ताजा चुरा.

"कुणी आणलं हे?"

"आमच्या राहीनं." म्हातारीचं लक्ष सुपातच होतं. "तुमचा नाव इचारलान. मी सांगितला."