लाल दिव्याचं कारण

नायिबेच्या त्या पत्राला एवेलिओने सव्वीस वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. तिने विचारलं होतं एवढंच — ‘मास्तर, बुगाच्या स्पर्धेत माझं कोपर खरंच वाकलं होतं का?’

एवेलिओ कांदेलारिया गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होता. तोडणीच्या दिवसांत उसाची शेतं पेटवली, की गावावर काळी राख भुरभुरायची. अशाच एका दुपारी नायिबे राख चुकवत आत शिरली. रुंद खांदे, आणि व्यायामशाळेतल्या खडूच्या पुडीने पांढरे झालेले हात.

“पुस्तकांना हात नको लावूस!” तो घाबरून म्हणाला.

“मग तुम्ही वाचून दाखवा, मास्तर.”

“काय वाचू?”

“काहीही… प्रेमाचंसुद्धा चालेल.”

त्याचे कान तापले. त्याने मधमाशीपालनावरचं पुस्तक काढलं आणि उलटंच धरलं. ती हसत हसत बाकावर बसली. ऊसतोड्याची लेक, आईच्या वजनाच्या दुप्पट लोखंड डोक्यावर उचलायची.

तिच्याशी बोलायला विषय हवा, म्हणून त्याने तिच्या खेळाचं नियमपुस्तक मागवून पाठ केलं. ते इतकं पक्कं, की संघटनेने त्याला पंचच करून टाकलं.

“नियम सगळे पाठ,” नायिबे चिडवायची, “आणि माझ्याकडे बघायची हिंमत नाही!”

बुगा शहरातल्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र त्याने बघितलं. शेवटची उचल होती. ती साधली असती, तर नायिबे राष्ट्रीय संघात जाऊन राजधानीत, बोगोटाला राहणार होती. तिने वजन डोक्यावर स्थिर धरलं. पण उचलताना कोपर वाकलं, तर उचल बाद. एका पंचाचा दिवा पांढरा, म्हणजे उचल मान्य; दुसऱ्याचा लाल, म्हणजे बाद. तिसरा दिवा एवेलिओचा होता — लाल.

ती गावातच राहिली… आणखी एक वर्ष. रोज संध्याकाळी बाकावर येऊन बसायची. तो वाचायचा, ती ऐकता ऐकता मनगटांच्या पट्ट्या सोडायची. त्या वर्षासारखं वर्ष त्याला पुन्हा मिळालं नाही.

पुढच्या वर्षी तिने आठ किलो जास्त उचललं आणि ती गेली. बोगोटाहून ते पत्र आलं. मग वर्तमानपत्रांतून तिची पदकं येत राहिली, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग जवळच्या कॅली शहरातलं प्रशिक्षकपद. लग्नाची बातमी कधीच आली नाही. एवेलिओ रोज ती शोधायचा, सापडली नाही की त्याला हायसं वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

गेल्या शनिवारी ती आपल्या हाताखालच्या खेळाडू मुलींना घेऊन गावच्या स्पर्धेला आली. केसांत पांढऱ्या बटा, चालताना किंचित लंगडणं.

“टपाल फारच हळू चालतं हो तुमच्या गावात!”

“नायिबे, मी… कितीदा लिहायला घेतलं…”

“आता तोंडी नको. तोंडी बोलताना तुम्ही मधमाश्यांवर घसरता. लिहा. आणि खरं लिहा, मास्तर. खोट्या उत्तराची वाट बघत नव्हते मी.”

खरं लिहिलं, तर ती कायमची दुरावेल. तिचं एक वर्ष त्याने चोरलं होतं. आठवडाभर तो कागद फाडत राहिला. शेवटी लिहिलं —

‘नायिबे, कोपर मी पाहिलंच नाही. वजन वर गेल्यावर तुझ्या चेहऱ्यावर जे उजाडलं, त्याकडे बघत राहिलो. आता ही जाणार, हे कळलं आणि बोट लाल बटणावर गेलं. पंच म्हणून मी गुन्हेगार आहे. माणूस म्हणून… तेव्हाही तुझा होतो, आजही आहे. क्षमा केलीस तर ये. नाही केलीस, तरी हे तुला कळायला हवं होतं.’

टपाल कचेरीतल्या बाईने पत्ता वाचला. “कॅली? बसने तासाभराचा रस्ता, एवेलिओसाहेब. स्वतःच नेऊन द्या की!”

“नको. हाती दिलं तर परत मागून घेईन मी.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.