ताडपत्रीखालचं ऊन

दोरीचं भेंडोळं तिच्या हातातून निसटलं आणि खाली फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बरोबर गळ्यात जाऊन पडलं.

‘अगं बाई... लागलं का हो?’ ती गच्चीच्या कठड्यावरून वाकली.

‘लागलं नाही. अडकलोय मात्र,’ तो मान वर करून म्हणाला. ‘ही वर फेकू?’

‘फेका ना.’

त्याने फेकली. पहिल्यांदा ती खिडकीच्या छज्ज्यावर आपटून परत आली, दुसऱ्यांदा पुन्हा त्याच्याच अंगावर. तिसऱ्यांदा फेकायच्या भानगडीत तो पडलाच नाही. ‘आणूनच देतो,’ म्हणाला आणि जिना चढून वर आला. वाऱ्याने केस विस्कटलेले, खांद्याला जाडजूड पिशवी, आणि चेहऱ्यावर हसू.

तिने आधी त्याचे दात पाहिले. त्याला तिचा इलाज नव्हता. गावातले दंतवैद्य पेशंटच्या जबड्यांचे साचे तिच्याकडे पाठवायचे आणि ती पुढच्या खोलीत बसून मेणात, प्लास्टरमध्ये कवळ्या घडवायची. सगळी गल्ली तिला कवळीताई म्हणत असे, आणि तीही कुणी भेटलं की डोळ्यांच्या आधी दातांशी ओळख करून घेई. याचा वरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढला होता. असं हसू कवळीत बसवता येत नाही, तिला वाटलं. आणि मग आपल्याला हे का वाटावं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

‘मी नगरपालिकेतून आलोय,’ तो दोरी पुढे करत म्हणाला. ‘घरपट्टी विभाग. घरांची नव्याने मोजणी चाललीय.’

कवळीताईच्या तोंडचं पाणी पळालं.

या माणसाला चुकवण्यासाठीच तर तिने गच्चीवर एवढा पसारा मांडला होता. तिच्या बाबांची फुप्फुसं थकली होती. हवेतला प्राणवायू गोळा करून नळीने नाकात सोडणारं एक मशीन त्यांच्या खुर्चीशेजारी दिवसरात्र घुमत असे. वीज गेली की मशीन बंद, म्हणून तिने साठवलेल्या पैशांतून गच्चीवर सौर पॅनेल बसवले आणि जिन्याखाली बॅटरी. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू बातमी घेऊन आल्या की त्या वरच्या काचा म्हणे आता नवा मजला धरणार, घरपट्टी डोईजड होणार. काकूंची बातमी म्हणजे अर्धी ऐकीव आणि अर्धी घरची, पण बाबांनी ती मनावर घेतली.

‘माझ्या श्वासापायी तुझ्या घराला कर लागणार असेल तर मी तुझ्या दादाकडे जातो,’ ते म्हणाले. ‘तिथे वीज जात नाही.’

दादा पार दुसऱ्या टोकाच्या शहरात, पंधराव्या मजल्यावर राहायचा. बाबा तिथे भिंतीकडे बघत बसले असते. आणि एकदा गेलेले बाबा परत यायचे नाहीत, हे तिला आतून ठाऊक होतं. ते घरातून जाऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने पॅनेलभोवती लोखंडी पाइप उभे केले आणि वरून, बाजूंनी, सगळीकडून ताडपत्री ताणली.

‘याखाली काय आहे?’ त्याने विचारलं.

‘अडगळ.’

‘अडगळ...’ तो ताडपत्रीच्या फटीतून डोकावला. ‘एका ओळीत, तिरकी, आणि सगळी दक्षिणेकडे तोंड करून?’

‘मला नीटनेटकेपणाची आवड आहे.’

तो हसला नाही, पण हसू दाबताना त्याचा तो चढलेला दात दिसलाच. खाली आल्यावर जिन्याखालच्या चौकोनी वस्तूवर त्याची नजर गेली. तिच्यावर भरतकामाचं कापड होतं आणि कापडावर फुलदाणी.

‘आणि हे?’

‘टेबल.’

‘टेबलाचा लाल दिवा लुकलुकतोय.’

खुर्चीतून बाबा खो खो हसले आणि लगेच त्यांना खोकला आला. ‘अहो साहेब, बॅटरी आहे ती. पोरीला खोटं बोलायचा सराव नाही. खोटे दात तेवढे खऱ्यासारखे करते.’

कवळीताईने हात कपाळाला लावला. आता झालं. तो माणूस वहीत काय लिहितो याची ती वाट पाहू लागली. त्याने वही उघडलीच नाही.

‘तुम्हाला कुणी सांगितलं की याच्यावर घरपट्टी लागते?’

‘सगळे म्हणतात.’

‘घरापुरते पॅनेल आणि त्याची बॅटरी आम्ही घराच्या किमतीत धरत नाही. तसा ठरावच आहे. कार्यालयात नुसती नोंद करायची.’ तो जरा घुटमळला. ‘पण... तुम्ही पाइप रोवून वर छत केलंय आणि चारी बाजू बंद केल्यात. ते मात्र वाढीव बांधकाम होतं. त्याला लागेल.’

‘म्हणजे जे लपवलं त्याला कर नाही, आणि लपवायला जे केलं त्याला आहे?’

‘हो. असंच काहीसं.’

तिला हसावं की रडावं कळेना. आणि तेवढ्यात पंखा मंदावला. दिवा गेला. गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम ‘गेली’ असा सूर निघाला, आणि बाबांचं मशीन एकच बारीक शिट्टी वाजवत थांबलं.

बॅटरी चालू व्हायला हवी होती. झाली नाही. कशी होणार? ताडपत्री चढवल्यापासून तिला उन्हाचा कण मिळाला नव्हता, आणि होती नव्हती ती शिल्लक कवळ्यांच्या भट्टीने खाल्ली होती. हे साधं गणित तिच्या लक्षातच आलं नव्हतं. करापासून वाचवायच्या नादात तिने बाबांचा श्वासच झाकून ठेवला होता.

पण तिचे हात थांबले नाहीत. कोपऱ्यातला छोटा सिलिंडर तिने ओढला, नळी त्याला जोडली, बाबांच्या पाठीवर हात ठेवला. सिलिंडर काही फार वेळ पुरणारा नव्हता. तिने कामाच्या टेबलावरची मेण कापायची सुरी उचलली आणि त्या माणसाच्या हातात कोंबली.

‘वर जा. दोऱ्या कापा. सगळ्या.’

तो दोन दोन पायऱ्या चढत गेला. बाबांचा श्वास जरा लयीत आला तशी तीही मागून धावली. गच्चीवर वारा नुसता पिसाळला होता. तो एका टोकाला दोऱ्या कापत होता, तिने दुसरं टोक धरलं. ताडपत्री फुगली, फडफडली, दोघांनाही घेऊन जाते की काय असं झालं.

‘सोडू नका,’ तो ओरडला.

‘तुम्ही ओढा, मी सोडते... आता.’

ताडपत्री सरकन निघाली आणि भर दुपारचं ऊन पॅनेलवर सांडलं. दोघंही धापा टाकत तिथेच उभे राहिले. दोघांचे कान खाली लागले होते.

थोडा वेळ काहीच नाही. मग जिन्यातून मशीनची घरघर वर आली, आणि तिच्या पाठोपाठ बाबांचा आवाज, ‘आलं गं, आलं.’

तिचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवर बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली, आणि रडतानाच हसू लागली. तो बाजूला उभा होता. दोरीने त्याचे तळवे सोलवटले होते, ते तो पाठीमागे लपवत होता.

‘दाखवा,’ ती म्हणाली.

‘काही नाही झालं.’

‘खोटं बोलायचा सराव तुम्हालाही नाही वाटतं.’

त्याने हात पुढे केले. तिने मलम लावलं, हळू, जसं मेणावर शेवटचा हात फिरवावा तसं. वर बघायचं मात्र तिला धाडस होईना.

मग तो पाइप काढले की नाही ते पाहायला आला. काढलेले पाहून गेला. मग गच्ची मोजायला आला. पुन्हा एकदा जिना मोजायला आला.

‘आमचं घर वाढतंय का हो रोज?’ तिने दारातच विचारलं.

‘मागच्या खेपेला माप जरा... तिरकं आलं होतं.’

‘मोजणीसाहेबांचं माप तिरकं?’

‘लक्ष विचलित होतं,’ तो फितीकडे बघत म्हणाला. ‘तुम्ही कवळी तपासताना गुणगुणता.’

‘मी? छे.’

‘गुणगुणता. आणि सूर लागला नाही की कवळीकडे रागाने बघता, जणू तिचीच चूक.’

तिचे कान तापले. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून बसले होते, ते उलटं होतं. तो गेला की घर जरा रिकामं वाटतं, हे तिला कळलं होतं, पण असल्या गोष्टी कळल्या तरी न कळल्यासारखं करता येतं. ती तेच करत होती.

आणि मग तो यायचा बंद झाला.

एक आठवडा गेला. तिने कार्यालयात फोन केला तेव्हा पलीकडच्या कारकुनाने सांगितलं, ‘तुमच्या घराचं काम त्यांनी सोडलंय. आता मोठ्या मॅडम येतील.’ मोठ्या मॅडमचं नाव काढलं की भल्याभल्यांचे धाबे दणाणत. कुणाच्या तरी बाल्कनीच्या काचेलाही त्यांनी कर लावला होता म्हणे. बाबांनी ते ऐकलं आणि मुकाट्याने आपले कपडे पिशवीत भरायला घेतले.

‘बाबा, अजून काही ठरलं नाहीये.’

‘ठरलं की घाई नको व्हायला.’

कवळीताई पुढच्या खोलीत जाऊन बसली. मेण तापवायचं विसरली. हात सोलवटून घेणारा माणूस ऐन वेळी काढता पाय घेतो, आणि आपण त्याच्या फितीच्या आवाजाची वाट बघत बसतो, याचा तिला मनस्वी राग आला. तो राग बराचसा रागच होता. उरलेलं काय होतं, ते तिने त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. तो हवा होता तिला.

मोठ्या मॅडम सकाळी आल्या. ठेंगण्या, करारी, चष्मा कपाळावर. त्या आधी गच्चीवर गेल्या, पॅनेलच्या खाली वाकून पाहिलं, मग जिन्याखाली आल्या. बॅटरीवर आज कापड नव्हतं.

‘हे सगळं कशासाठी वापरता?’

एक खोटं अगदी जिभेवर आलं. तिने ते गिळलं. ‘बाबांच्या मशीनसाठी. आणि कवळ्यांची एक छोटी भट्टी आहे माझी, तीही यावरच चालते.’

बाबांनी डोळे मिटून घेतले.

‘पुढच्या खोलीचा धंद्याचा कर तर तुम्ही आधीपासूनच भरताय,’ मॅडम म्हणाल्या. ‘वीज विकत नाही ना कुणाला?’

‘नाही.’

‘मग प्रश्नच नाही. पॅनेल, बॅटरी दोन्ही घरगुती. घरपट्टी होती तेवढीच राहील. ते छत तेवढं पुन्हा करू नका.’

‘म्हणजे... काहीच वाढणार नाही?’

‘मी एकदाच सांगते,’ मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी बाबांच्या पिशवीकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा सांगितलं. ‘काही वाढणार नाही. आजोबा, ती पिशवी रिकामी करा.’

बाबांनी हळूच श्वास सोडला. एवढा लांब श्वास तिने त्यांच्याकडून कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मॅडम दारात थांबल्या. ‘आणि त्या मुलाने आपण होऊन हे काम माझ्याकडे दिलं. म्हणाला, या घराचा निर्णय मी घेणं बरोबर नाही. का, ते मी विचारलं नाही. आता फाटकाशी उभा आहे. त्याचं ऊन लागून काही झालं तर त्याला मी जबाबदार नाही.’

ती बाहेर आली. तो खरंच उभा होता. हातात फीत नव्हती, पिशवीही नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

‘सांगून जायचं होतं,’ ती म्हणाली. ‘बाबांनी कपडे भरले होते. मी तुम्हाला मनात काय काय बोलले, ते ऐकलं असतंत तर पळूनच गेला असतात.’

‘चुकलंच माझं. बाबांचं मला माहीत नव्हतं.’ त्याने तिच्याकडे पाहिलं. ‘पण तुमचं घर माझ्या टेबलावर असताना तुम्हाला काही विचारणं बरं नव्हतं. तुम्ही हो म्हणाला असतात तर मला वाटत राहिलं असतं, करापायी म्हणालात. आणि नाही म्हणाला असतात तर तुम्हाला माझी भीती वाटली असती.’

‘आणि मॅडमनी कर लावला असता तर?’

‘तर अपील लिहायला तुमच्या बाजूने बसलो असतो. नोकरीची पर्वा न करता, असं म्हणणार होतो... पण पर्वा आहे थोडी.’

तिला हसू फुटलं. किती दिवसांनी, तिलाही आठवेना.

‘मग विचारा ना,’ ती म्हणाली. ‘आता कुणाच्या टेबलावर काही नाही.’

‘मला तुम्ही आवडता,’ तो म्हणाला. सरळ, माप सांगावं तसं. ‘खूप. मला तुमच्याबरोबर राहायचंय... म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर.’

तिने मागे वळून घराकडे पाहिलं. आत मशीन शांतपणे घुमत होतं, आणि खिडकीत बाबा पिशवीतून एकेक सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकत होते.

‘मी बाबांना सोडून कुठे जाणार नाही,’ ती म्हणाली.

‘मी येईन की इथे.’

‘घरात एक माणूस वाढला तर घरपट्टी वाढते का हो?’

त्याने खरोखरच विचार केला. तेवढ्यासाठीही तो तिला फार आवडला.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘त्याला अजून तरी सूट आहे.’

‘मग या,’ ती म्हणाली.