खोक्यातला फिल्टर

तो आमच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा शिरला, तो चुकून. ऑइल फिल्टर विकायला निघाला होता समोरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे. मी चूक सांगितली, तर म्हणाला, “आता आलोच आहे, तर… इथेच विकतो.” मी हसले, आणि तिथेच फसले.

आज मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं. टॅक्सीवाले काका सकाळीच बाबांना सुनावून गेले होते. फिल्टर नवा, तरी इंजिनात तेलाबरोबर कचरा फिरतोय. बाबांनी मला बजावलं, “तुझा तो विक्रेता आला की त्याच्यासमोर फिल्टर काप. माल खोटा निघाला, तर पुन्हा इकडे फिरकायचं नाही त्याने.”

तो विकायच्या मालाची खोकी घेऊन आला. मी त्याच्या बॅगेतला नमुन्याचा फिल्टर टेबलावर दाबून धरला आणि करवत उचलली. हा चांगला निघू दे, एवढंच मनात चाललं होतं.

“आत काय बघणार?” त्याने विचारलं.

“कागदाच्या घड्या. दाट हव्यात, एकसारख्या. रबर मऊ हवं.”

“आणि माणसात काय बघता?”

“माणूस कापता येत नाही, हीच तर अडचण आहे.”

बाबा मोठ्याने खाकरले. मी करवत टेकवली, तसा त्याचा चेहरा उतरला.

“थांबा—” त्याने माझं मनगट धरलं. “हा नका कापू. नमुना चांगलाच असतो, निवडून देतात आम्हाला. विकायच्या खोक्यातला कापा.”

“त्यात काय निघेल?”

“माहीत नाही. कधी कापलाच नाही… भीती वाटायची.”

मी खोक्यातला कापला. घड्या विरळ, एका कडेचा गोंद सुटलेला. माझं बोट आरपार गेलं. तेल न गाळताच इंजिनात जात होतं. मला रडूच यायला लागलं.

“उचला सगळं,” बाबा म्हणाले.

त्याने खोकी उचलली. “आधी काकांच्या गाडीला चांगला फिल्टर बसवून येतो. हा माल यापुढे मी विकणार नाही.”

तो दारापर्यंत पोचला, आणि मला राहवेना. “उद्या या.”

“कशाला? आता विकायला काही नाही माझ्याकडे.”

“मला तुम्ही आवडता… म्हणून.”

बोलून गेले खरी, पण बाबांकडे बघायची हिंमत होईना. ते करवत पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

“दुकान दहाला उघडतं,” ते त्याला म्हणाले.