कोरडे केस

"अक्का, केस कोरडे कां तुमचे?"

धाकट्या जावेचा, भुवनेचा हा प्रश्न ऐकला आणि वसुमतीच्या हातातली पळी तिथल्या तिथं थांबली... चुलीवर श्राद्धाचा सैपाक रटरटत होता, मधल्या चौकात भटजी येऊन बसले होते, आणि श्राद्ध होतं ते वसुमतीच्याच नवऱ्याचं! धाकटा दीर रघुराम दरवर्षी ते करी. सैपाक मात्र वसुमतीच्या हातचा. निपुत्रिक विधवेला नवऱ्यासाठी करायला दुसरं उरतं तरी काय? आणि या दिवशी डोक्यावरून न्हाल्याशिवाय चुलीला शिवायचं नाही, हे तंजावरच्या त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"नळ वाहिल्याचं ऐकलं मी. पण न्हाला नाहीत तुम्ही! खरं सांगा की!"

काय सांगणार होती ती? बँकेत बढती मिळाल्याबरोबर रघुरामाने मोठ्या हौसेने न्हाणीघरात गीझर बसवला होता. "वैनी, जन्मभर विहिरीचं पाणी ओढलीस, आतां ऊन पाण्यानं न्हा," म्हणाला होता. आणि तेव्हापासून अंघोळ झाली रे झाली की सर्वांगाला अशी आग आणि खाज सुटे, की लाल मुंग्या डसाव्यात! दाखवायला अंगावर एक पुरळ नाही. गार पाणी घेऊन पाहिलं, तरी तेच. पोराने एवढ्या मायेने आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? आणि ठेवली असती तरी खरं कोणाला वाटलं असतं? तिचे गाल लालबुंद दिसत. शेजारणी म्हणत, अक्कांची तब्येत काय ठणठणीत! आणि ही ठणठणीत बाई जिना चढताना मध्येच बसून घेई. आज भरल्या बादलीपुढे ती बसली, पण तांब्या उचलायला हात धजला नाही. ओल्या पंच्याने अंग पुसून ती बाहेर आली होती... हाडांत मुरलेला थकवा, दुसरं काय!

रघुराम दारात आला. "वैनी, खरं?"

तिने मान हलवली. खोटं बोलायलाही त्राण लागतं.

"अण्णाच्या तिथीला सुद्धा? तुझ्याच नवऱ्याच्या?" त्याचा आवाज चौकापर्यंत गेला आणि भटजींचे मंत्र थांबले. "ऊठ! बाहेर बैस. भुवना करंल सगळं."

बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हा वडील तिला पापनाशमला माहेरी न्यायला आले होते. आठ वर्षांच्या पोरक्या रघुरामाने तिचा पदर सोडला नव्हता, आणि ती गाडीतून उतरली होती, कायमची! त्याच रघुरामाच्या शब्दावर आज ती चुलीपासून उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. अपमानाने काळीज फाटत होतं, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

दुपारी सगळं आटोपल्यावर रघुराम पानात वाढून घेऊन आला. "राग आला मज, वैनी. पण उपाशी नक्को राहूं."

तिने पान घेतलं... आणि ते तिच्या उजव्या हातातून गळून पडलं.

"अण्णाचं अन्न टाकतेस?" तो ओरडला. आणि मग त्याने तिचं तोंड पाहिलं. ते एका बाजूला वाकडं झालं होतं. ती काहीतरी सांगू पाहत होती, शब्दच येत नव्हता!

रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत रघुराम लहान मुलासारखा रडत होता. संध्याकाळी वाचा परत आली, हात हलू लागला. तपासण्या झाल्या, हाडातला मगज काढून पाहिला, आणि मग डॉक्टरीणबाईंनी तिच्याजवळ बसून तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, अंघोळ झाल्यावर अंगाला खाज सुटते? पुरळ नसताना?"

वसुमती हुंदके देऊन रडू लागली. इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं!

रघुरामाची मान खाली गेली. बाई समजावून सांगत होत्या : हा रक्ताचा एक दुर्मीळ कर्करोग, सावकाश चालणारा. मगज नको तितक्या तांबड्या पेशी बनवतो, रक्त दाट होतं. म्हणून चेहरा लाल, म्हणून खाज, म्हणूनच हा थकवा. मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर अडलं होतं, पुन्हाही अडू शकतं. मुळातून बरं होत नाही, पण अधूनमधून रक्त काढून टाकलं, गोळ्या घेतल्या, तर वर्षानुवर्षं जगता येतं.

पहिली पिशवी भरू लागली, तशी वसुमतीने विचारलं, "हे कोणाला चढवाल?"

"नाही अम्मा. हे कोणाच्या उपयोगाचं नाही. फेकून देतो."

ती हसली. "असूं दे. माझं एवढं तरी कोणाच्या कामी नक्को येऊं."

भुवनेने तिचे पाय धरले. "अक्का, चुकलें मी! पुढच्या तिथीचा सैपाक तुम्हीच करा. कोणी शब्द काढणार नाही!"

"नक्को गं. तूं कर. मी थकलें."

"वैनी," रघुराम तिच्या उशाशी बसला, "मज क्षमा नाही करणार?"

"ती कधीच केली, राजा... क्षमा केली म्हणून थकवा जातो कां?" तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, क्षणभरच. "आतां झोपूं दे मज."

ती कुशीवर वळली आणि पाहता पाहता तिला गाढ झोप लागली. खिडकीतून उन्हं थेट तिच्या तोंडावर येत होती. रघुराम उठून त्यांच्या आड उभा राहिला. आपल्या वैनीला दिवसाउजेडी झोपलेली त्याने कधी पाहिलीच नव्हती.